सत्तेत सहभाग की बाहेरून पाठिंबा? ब्रिटनमधल्या छोट्या पक्षांचा हिशेब

२०१७च्या निवडणुकीत हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचं बहुमत गेलं आणि पंतप्रधान टेरेसा मे यांचं सरकार उत्तर आयर्लंडमधल्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टीच्या, म्हणजे डीयूपीच्या, १० खासदारांच्या जोरावर तगलं. त्याला सर्रास आघाडी सरकार म्हटलं जातं, पण ते तसं नव्हतं, पाठिंबा बाहेरून होता. आघाडी सरकार होतं ते २०१०चं, हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरून आणि लिबरल डेमोक्रॅट्सचे नेते निक क्लेग यांचं. दोन्ही वेळा मोठा पक्ष तोच आणि बहुमत हुकलेलं. छोट्या पक्षाने काय देऊन काय पदरात पाडून घेतलं, हे मात्र पूर्ण वेगळं आहे.

२०१०मध्ये लिबरल डेमोक्रॅट्सकडे ५७ खासदार आणि २३ टक्के मतं होती. ते थेट सत्तेत बसले. क्लेग उपपंतप्रधान झाले, मंत्रिमंडळात पक्षाला पाच जागा मिळाल्या. मंत्रिपदासोबत सामूहिक जबाबदारी येते. बैठकीत कितीही भांडा, निर्णय झाला की तो लोकांसमोर आपलाच म्हणून मांडावा लागतो.

याची झळ विद्यापीठांच्या शुल्कवाढीत बसली. निवडणुकीआधी पक्षाच्या उमेदवारांनी शुल्कवाढीविरुद्ध मत देण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या होत्या, हातात तो कागद धरून फोटो काढले होते. आणि वर्षाच्या शेवटी इंग्लंडमधल्या शुल्काची मर्यादा सुमारे ३,३०० पौंडांवरून ९,००० पौंडांवर नेण्याचा प्रस्ताव आणला तो त्यांच्याच पक्षाचे मंत्री व्हिन्स केबल यांनी. आघाडीच्या करारात लिबरल खासदारांना तटस्थ राहण्याची मुभा होती. पण मंत्रीच प्रस्ताव मांडतो, तर तटस्थ राहणार कसा? ९ डिसेंबर २०१०ला प्रस्ताव ३२३ विरुद्ध ३०२ मतांनी मंजूर झाला. पक्षाच्या २१ खासदारांनी विरोधात मत दिलं, बहुतेक मंत्री बाजूने उभे राहिले. २०१२मध्ये क्लेग यांनी जाहीर माफी मागितली, तोवर तरुण मतदार दुरावले होते.

लिबरल डेमोक्रॅट्सना काहीच मिळालं नाही असं नाही. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा ६,४७५ पौंडांवरून १०,००० पौंडांच्या वर गेली, गरीब मुलांसाठी शाळांना जादा निधी मिळाला. ही खरी कामं होती. पण करसवलतीचं श्रेय हुजूर पक्षाने आपल्या नावावर घेतलं. निवडणूक पद्धत बदलण्याचं जुनं स्वप्नही फसलं. हवी होती मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत, मिळालं उमेदवारांना पसंतीचे क्रम देण्याच्या, म्हणजे पसंतीक्रमाच्या पद्धतीवर सार्वमत, आणि २०११मध्ये ६८ टक्के मतदारांनी तिलाही नकार दिला. २०१५मध्ये ५७चे ८ खासदार उरले. गमावलेल्यांपैकी २७ जागा तर सत्तेतल्या जोडीदारानेच, हुजूर पक्षाने, हिसकावल्या.

डीयूपीने मंत्रिपद घेतलंच नाही. २६ जून २०१७च्या करारानुसार अविश्वास ठराव, अर्थसंकल्प, ब्रेक्झिटचे (युरोपीय संघातून बाहेर पडण्याचे) कायदे अशा ठरावीक बाबींवर ते सरकारला मत देणार होते. बदल्यात उत्तर आयर्लंडला रस्ते, आरोग्यसेवा, ब्रॉडबँड यांसाठी जादा १०० कोटी पौंड मिळणार होते. इतर विषयांवर हात मोकळे.

हा मोकळेपणा किती कामाचा, हे जानेवारी २०१९मध्ये दिसलं. १५ तारखेला डीयूपीने मे यांच्या ब्रेक्झिट कराराविरुद्ध मत दिलं; करार ४३२ विरुद्ध २०२ असा कोसळला. दुसऱ्याच दिवशी अविश्वास ठरावावर याच १० जणांनी सरकार वाचवलं, ३२५ विरुद्ध ३०६. ते उलटले असते तर सरकार एका मताने पडलं असतं. लिबरल मंत्र्यांना असं वागणं शक्यच नव्हतं.

पण बाहेर राहणाऱ्याला मसुदा लिहिताना खुर्ची नसते. बोरिस जॉन्सन २०१८मध्ये डीयूपीच्या अधिवेशनात आले आणि ब्रिटन व उत्तर आयर्लंड यांच्यात तपासणी लादणारा करार कोणतंही हुजूर सरकार स्वीकारणार नाही, असं सांगून गेले. ऑक्टोबर २०१९मध्ये पंतप्रधान म्हणून त्यांनी तसाच करार केला. डिसेंबरमध्ये त्यांना भक्कम बहुमत मिळालं आणि डीयूपीच्या मतांची गरज संपली. डीयूपी १०वरून ८वर आली, संसदेतले त्यांचे नेते नायजेल डॉड्स स्वतः पडले.

५७चे ८ आणि १०चे ८ यांची थेट तुलना करताना जपून. डीयूपीचा मतदार एका प्रांतातला, हुजूर पक्ष तिथे जवळपास नाहीच. लिबरल मतदार मात्र देशभर विखुरलेला. अनेक ठिकाणी त्याने हुजूर उमेदवाराला पाडण्यासाठीच मत दिलेलं. हुजूर पक्षालाच सत्तेत बसवल्याचा राग त्याने मतपेटीतून काढला. जास्त रास्त तुलना त्याच घराण्यातली आहे. १९७७मध्ये डेव्हिड स्टील यांच्या लिबरल पक्षाने, म्हणजे लिबरल डेमोक्रॅट्सच्या पूर्वज पक्षाने, पंतप्रधान कॅलहन यांच्या मजूर सरकारला बाहेरून टेकू दिला. हाती फारसं लागलं नाही, पण ऑक्टोबर १९७४मधल्या १३ जागांच्या तुलनेत १९७९मध्ये ११ मिळाल्या.

तरीही क्लेग यांचा सत्तेत जाण्याचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. बाहेर राहून करमुक्त मर्यादा एवढी वाढवून घेता आली नसती. चूक झाली ती मे २०१०मधल्या वाटाघाटीत. ज्या एका वचनावर उमेदवारांच्या सह्या होत्या, त्यावर तटस्थतेची मुभा घेऊन ते थांबले. शुल्क वाढणार नाही, हे तिथेच लिहून घ्यायला हवं होतं.