वाचनालयातली पुस्तक-शिफारस

वाचनालयात काम करणाऱ्या माणसाने स्वतः वाचलेलं आणि स्वतःला आवडलेलं पुस्तक सभासदाला "हे न्या, छान आहे" म्हणून सुचवणं म्हणजे पुस्तक-शिफारस. ग्रंथालयशास्त्रात याला वाचक मार्गदर्शन वगैरे भारदस्त नाव आहे पण नाशिकमध्ये काउंटरवर कोणी तसं बोलत नाही, तिथे "ताई, काहीतरी चांगलं द्या ना" एवढंच असतं. व्याख्येतला 'स्वतः वाचलेलं' हा भाग मात्र सोडायचा नाही. "हे सध्या सगळे नेतात" असं सांगितलं तर ती नुसती बातमी झाली.

नाशिकला ह्याची सवय जुनी असणार. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय, ज्याला सगळे सावाना म्हणतात, ते 1840 सालचं, म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वे 1853 ला सुटली त्याच्याही 13 वर्षं आधीचं. बाकी उपनगरांत, नाशिकरोडला, सिडकोत, पंचवटीत लहान-मोठी वाचनालयं आणि घरगुती सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या आहेत, काही चालतात काही बंद पडल्या.

पूर्वी बऱ्याच वाचनालयांत पुस्तकं कपाटात बंद आणि कपाटं काउंटरच्या पलीकडे असायची. सभासदाने चिठ्ठीवर पाच-सहा नावं लिहून द्यायची, आतून माणूस येऊन सांगायचा की ह्यातलं एकही जागेवर नाही, मग रांगेत मागे चार जण उभे, आपण गोंधळलेले, आणि तोच माणूस एक पुस्तक पुढे सरकवून म्हणायचा "हे बघा, मी परवाच वाचलं". शिफारस अशी नाइलाजातून सुरू झाली असं माझं मत आहे. नंतर रॅक सभासदांना खुले झाले, वाचक स्वतः आत जाऊन चाळू लागले, तर शिफारस कमी व्हायला हवी होती, पण उलटंच झालं, कारण हजारो पुस्तकांसमोर उभं राहिलं की माणसाला काहीच सुचत नाही आणि तो परत काउंटरवरच येतो. निम्मे लोक तर रॅककडे जातच नाहीत, नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा काउंटरवर पडलेला असतो तोच उचकतात. कोणीतरी वाचून आणलंय म्हणजे बरं असेल, एवढा साधा हिशोब.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली पाच सिद्धांत मांडले, त्यातला दुसरा प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असं सांगतो आणि तिसरा प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असं. शिफारस ही खरी तिसऱ्याची गोष्ट आहे. गाजलेलं पुस्तक कोणाच्या मदतीशिवाय फिरतंच, त्याला वेटिंग असतं. पण खालच्या फळीवर धूळ खात पडलेलं, बाईंडिंग करून पाठीवरचं नाव गेलेलं, गेल्या कित्येक वर्षांत तारखेचा एकही शिक्का न पडलेलं पुस्तक बाहेर काढायला ते वाचलेलं माणूसच लागतं.

ह्या कामावर अमेरिकेत बराच विचार झालाय. तिथे कर्मचाऱ्यांच्या आवडीचं वेगळं शेल्फच लावतात, पुस्तकाखाली दोन ओळींची हाताने लिहिलेली चिठ्ठी. सिएटलच्या निवृत्त ग्रंथपाल नॅन्सी पर्ल हे ह्यातलं मोठं नाव. त्या म्हणतात की माणूस पुस्तकात चार दारांतून शिरतो, गोष्ट, पात्रं, स्थळ-काळ आणि भाषा, त्यामुळे वाचकाला विषय विचारण्यापेक्षा आधीच्या पुस्तकातलं काय आवडलं ते विचारावं. आपल्याकडे हे पुस्तकी नावाने कोणी शिकवलं नाही तरी जुन्या काउंटरवाल्यांना ते बरोबर कळतं. आजोबा म्हणतात मला ऐतिहासिकच द्या, पण त्यांना हव्या असतात लढाया, इतिहास नाही, मग एखादी युद्धावरची अनुवादित कादंबरीसुद्धा चालते, फक्त ती अनुवादित आहे हे आधी सांगायचं नाही.

पर्लबाईंचा अजून एक नियम आहे, पुस्तकाला 50 पानं द्यावीत, नाही जमलं तर सोडावं, आणि वय 50 च्या वर असेल तर 100 मधून वय वजा करून उरतील तेवढीच पानं. म्हणजे 80 च्या आजींना 20 पानांत कळलं पाहिजे. हे मी एका आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या वर्गणी भरलीये, पूर्ण वाचणार.

बालविभागात मामला वेगळा. आईवडिलांना संस्कारांचं हवं असतं, मुलाला भुताचं. चांगली ताई दोन्ही देते, संस्काराचं वर आणि भुताचं खाली.

दिवाळीनंतरचे काही महिने शिफारसीचा खरा सीझन. 1909 ला 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून अंक वाढतच गेले, वाचनालयं थोडे जास्त पैसे घेऊन दिवाळी अंकांची वेगळी योजना चालवतात, आणि तेव्हा काउंटरवर एकच प्रश्न, "आधी कुठला नेऊ?" इथे कर्मचाऱ्याची परीक्षा होते, कारण सगळे अंक वाचून होत नाहीत आणि मुखपृष्ठावरून सांगितलं तर पुढच्या आठवड्यात ऐकून घ्यावं लागतं.

काउंटरच नसेल तर काय, ह्याचंही उदाहरण नाशिकचंच आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमात 2009 पासून 100 पुस्तकांची पेटी सोसायटीत, ऑफिसात, ओळखीच्या लोकांच्या गटाकडे जाते. तिथे पेटी ज्याच्या घरी तोच ग्रंथपाल, आणि शिफारस जिन्यात नाहीतर चहावर होते.

ह्या कामाची सरकारदरबारी नोंद मात्र कुठेच नाही. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात, वर्गाप्रमाणे अनुदान, त्यासाठी पुस्तकं किती, नियतकालिकं किती हे मोजतात. कर्मचाऱ्याने वाचलेली किती हे कोण मोजणार. पगार तुटपुंजे, त्यामुळे माणसं टिकत नाहीत, आणि वीस वर्षं काउंटरवर बसलेल्या ताई रिटायर झाल्या की नवीन मुलगा कॉम्प्युटरवर तुमचा नंबर टाकतो, तुम्ही आजवर काय काय नेलंत ते सगळं दिसतं, पण "ह्यांना शिकारीच्या गोष्टी देऊ नका, मागच्या वेळी भांडले होते" ह्यासाठी त्यात रकाना नसतो.