कमी खर्चातला छोटा गेमिंग पीसी : पार्श्वभूमी

गेमिंग पीसी आकाराने लहान करायचा म्हटले की खर्च वाढतो, हा समज निराधार नाही. दीर्घकाळ वस्तुस्थिती तशीच होती. लहान आकार आणि कमी किंमत या दोन्ही गोष्टी एकाच यंत्रात मिळू लागल्या त्या गेल्या दहा-बारा वर्षांत, आणि त्याचे श्रेय देखण्या छोट्या कॅबिनेटांपेक्षा विजेची बचत करणाऱ्या ग्राफिक्स चिपला (गेमची दृश्ये तयार करणारी चिप) आणि कार्यालयांतून निवृत्त झालेल्या संगणकांना अधिक द्यावे लागेल.

इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे मदरबोर्डचे, म्हणजे सारे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डाचे, माप ठरवले. ३०५ × २४४ मिलिमीटरच्या या बोर्डाने आणि त्याच्या मोठ्या एसएमपीएसने (वीजपुरवठा करणाऱ्या डब्याने) कॅबिनेटचा आकारही ठरवून टाकला. १९९७ मध्ये २४४ मिलिमीटर चौरस मायक्रो-एटीएक्स आले, तरी खरा लहान बोर्ड म्हणजे तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये मांडलेला, १७० मिलिमीटर चौरस मिनी-आयटीएक्स. तो गेमसाठी नव्हताच. बोर्डावरच पक्का बसवलेला, कमी वीज खाणारा, संथ प्रोसेसर आणि जादा कार्ड बसवायला एकच पीसीआय स्लॉट अशी त्याची रचना होती. त्याच वर्षी शटल या दुसऱ्या तैवानी कंपनीने छोट्या ठोकळ्याच्या आकाराचा एक्सपीसी बाजारात आणला, आणि पुढच्या वर्षी त्यात एजीपी हा ग्राफिक्ससाठीचा स्लॉट आल्यावर ग्राफिक्स कार्ड लावून खेळणाऱ्यांनी तो आपलासा केला. मात्र त्याचा बोर्ड आणि एसएमपीएस शटलच्याच खास मापाचे असल्यामुळे बोर्ड बिघडला की बाजारातला दुसरा बोर्ड त्यात बसत नसे, ही अडचण काटकसर करणाऱ्याला परवडणारी नव्हती.

२००९ च्या सुमारास मिनी-आयटीएक्स बोर्डांवर बदलता येणारा प्रोसेसर आणि पूर्ण लांबीचा पीसीआय-एक्स्प्रेस (पीसीआय आणि एजीपीची जागा घेणारा वेगवान) स्लॉट दिसू लागला. झोटॅकचे बोर्ड आणि सिल्व्हरस्टोनची सुगो मालिकेतील कॅबिनेटे यांमुळे बाजारात मिळणाऱ्या प्रमाणित भागांतून छोटा गेमिंग पीसी असेंबल करणे शक्य झाले. त्यानंतरचा टप्पा हौशी रचनाकारांचा होता. २०१३ मध्ये लोकनिधीतून (क्राउडफंडिंगमधून) उभे राहिलेले एनकेस एम-१ हे कॅबिनेट सुमारे साडेबारा लिटरचे होते; २०१६ च्या डॅन ए-४ने मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून ठेवले, दोन्ही रायझर केबलने, म्हणजे स्लॉट लांबवणाऱ्या पट्टीने, जोडले आणि सारे काही सव्वासात लिटरांत बसवले. अभियांत्रिकी म्हणून हे काम अप्रतिमच म्हटले पाहिजे. परंतु अशा कॅबिनेटाचीच किंमत एखाद्या साध्या ग्राफिक्स कार्डाहून जास्त, त्यात एसएफएक्स या लहान मापाचा एसएमपीएस आणि मिनी-आयटीएक्स बोर्ड मोठ्या भावंडांपेक्षा महाग. त्यामुळे मर्यादित खिशाच्या माणसाला या प्रगतीचा थेट लाभ फारसा झाला नाही.

त्याच्यासाठी निर्णायक ठरले ते २०१४ चे फेब्रुवारी. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने तेव्हा आणलेल्या जीटीएक्स ७५० टीआय या कार्डाची वीजमर्यादा फक्त ६० वॉट होती. पीसीआय-एक्स्प्रेस स्लॉट स्वतःच ७५ वॉटपर्यंत वीज देऊ शकतो, त्यामुळे या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर जोडण्याची गरज नव्हती. बारीक वाटणाऱ्या या तपशिलाने केवढी दारे उघडली, हे कार्यालयीन संगणकांकडे पाहिल्यावर कळते. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर यांची छोट्या आकाराची मॉडेले कंपन्या, बँका आणि महाविद्यालये घाऊक भावाने घेतात आणि काही वर्षांनी एकदम विकून टाकतात. ऑप्टिप्लेक्स ७०१० चे उदाहरण घ्या: चार कोअरचा इंटेल आय-५ प्रोसेसर, पण एसएमपीएस अवघा २४० वॉटचा, कार्डासाठी सहा पिनांची वायरच नाही, आणि स्लॉटची उंची निम्मी. नेहमीच्या कार्डाची उंची सुमारे १११ मिलिमीटर असते. येथे ६९ मिलिमीटरच्या आसपासचेच कार्ड बसते. ७५० टीआय अर्ध्या उंचीतही निघाले, २०१६ च्या जीटीएक्स १०५० टीआयने आणि २०१९ च्या जीटीएक्स १६५० ने ७५ वॉटची मर्यादा पाळत तीच वाट पुढे नेली. एनव्हिडियाच्या स्पर्धक एएमडीचे २०२२ मधील आरएक्स ६४०० याच वर्गातले असले तरी त्याला पीसीआय-एक्स्प्रेसच्या चारच लेन (माहिती वाहणाऱ्या वाटा) मिळतात, त्यामुळे तिसऱ्या पिढीचा स्लॉट असलेल्या जुन्या यंत्रात काही गेममध्ये त्याचा वेग स्पष्टपणे घटतो. जुन्या संगणकासाठी कार्ड निवडताना नव्याचा मोह टाळावा तो यासाठी.

दुसरी वाट कार्डाशिवायची. फेब्रुवारी २०१८ मध्ये एएमडीने ९९ डॉलरला रायझन ३ २२००जी आणि १६९ डॉलरला रायझन ५ २४००जी आणले. प्रोसेसरमधलीच व्हेगा ग्राफिक्स हलके गेम नीट चालवू लागली. वेगळे कार्डच नसल्याने कॅबिनेट आणखी आक्रसले: २०१९ चा अॅझरॉक डेस्कमिनी ए-३०० दोन लिटरांहूनही लहान होता आणि लॅपटॉपसारख्या बाहेरच्या अॅडॉप्टरवर चालत असे. अशा यंत्रात ग्राफिक्स रॅममधूनच जागा आणि वेग घेते, म्हणून १६ जीबीची एकच पट्टी लावण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन लावल्यास गेमचा वेग लक्षणीय वाढतो. नवखा माणूस नेमका येथेच चुकतो.

या काळात भाव मात्र स्थिर राहिले नाहीत. २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये क्रिप्टो मायनिंगमुळे, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर गणिते सोडवून आभासी चलन मिळवण्याच्या धंद्यामुळे, कार्डे आवाक्याबाहेर गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग संपले आणि आरएक्स ५८० सारखी वापरलेली कार्डे स्वस्तात बाहेर पडली. ती अर्ध्या उंचीच्या कॅबिनेटाच्या उपयोगाची नव्हती, तरी मायक्रो-एटीएक्सवर पीसी असेंबल करणाऱ्यांना त्यांचा चांगला आधार मिळाला. भारतात ३ ऑगस्ट २०२३ रोजी लॅपटॉपबरोबरच अतिलहान आकाराच्या तयार संगणकांच्या आयातीवरही निर्बंध जाहीर झाले, पण सुटे भाग त्या यादीत नव्हते. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये भाग जमवून असेंबल करण्याचा मार्ग खुला राहिला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार संपला. सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक इंटेल प्रोसेसर विंडोज ११ साठी अधिकृतपणे पात्र नाहीत, म्हणून कार्यालयांना ती यंत्रे बदलणे भाग पडते. ती रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकल्या जाणाऱ्या) यंत्रांच्या बाजारात स्वस्त मिळतात. घेणाऱ्याने मात्र त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स चालवण्याची तयारी ठेवावी, किंवा थोडे अधिक पैसे मोजून आठव्या पिढीचे यंत्र शोधावे.