निर्णय कोणाचा? कोल्हापूरच्या ख्रिस्ती घरांतील जीवननिवडीची पार्श्वभूमी

कोल्हापुरातील ख्रिस्ती घरात मुलीचे लग्न, मुलाची नोकरी किंवा शाळेच्या दाखल्यावरचा जातीचा रकाना यांपैकी कोणताही विषय निघाला, की तो नुसत्या सोयी-गैरसोयीचा राहत नाही. विश्वासाला धरून काय होईल आणि काय केल्याने विश्वासाशी तडजोड होईल, हा प्रश्न त्यात येतोच. ‘पाळकसाहेबांना विचारा’, ‘वचन काय म्हणते ते पाहा’, ‘घरच्यांच्या पुढे जाऊ नको’ ही उत्तरेही ठरलेली असतात. मात्र हे प्रश्न ज्या रीतीने विचारले जातात, ती रीत पवित्र शास्त्रातून जशीच्या तशी उतरलेली नाही. तिच्यामागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा स्थानिक इतिहास आहे. या काळात निर्णयाचा अधिकार आरंभीच्या एकट्या व्यक्तीकडून मिशन आणि मंडळीकडे (म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायाकडे), तेथून घराण्याकडे आणि अलीकडे पुन्हा व्यक्तीकडे सरकत गेला. हा प्रवास लक्षात घेतला, तरच आजच्या वडीलधाऱ्यांचा आग्रह आणि तरुणांची कुरकुर या दोहोंचा उलगडा होतो.

अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर आणि त्यांच्या पत्नी एलिझा १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हा १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडाची आठवण ताजी होती आणि संस्थानावर इंग्रजांची देखरेख होती. वायल्डर यांचा भर शाळांवर होता. त्यांना पाठवणाऱ्या ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी संस्थेचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. शाळांपेक्षा, विशेषतः इंग्रजी शाळांपेक्षा, उपदेशावर आणि स्थानिक मंडळ्या उभ्या करण्यावर शक्ती खर्च करावी, असे त्यांचे मत होते. वायल्डर यांना ते मान्य झाले नाही. त्यांनी बोर्डाशी वाद घातला, मध्यंतरी अमेरिकेला गेले आणि १८६१ मध्ये बोर्डाच्या आधाराशिवाय परत येऊन कोल्हापूरचे काम स्वतंत्रपणे चालवले. १८७० मध्ये ते काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. हा वाद मिशनांच्या अंतर्गत कारभाराचा वाटतो, पण येथील ख्रिस्ती समाजाची घडण त्याने ठरवली. या समाजाच्या मुळाशी शाळा आहे आणि पुढे त्याच्या व्यवसायनिवडीवर शाळेची छाप कायम राहिली. शहरातील वायल्डर मेमोरियल चर्चच्या नावाने ही आठवण टिकून आहे.

त्या पहिल्या काळात विश्वासू राहण्याचा निर्णय म्हणजे बाप्तिस्मा, आणि तो एकट्याने घ्यायचा निर्णय होता. बाप्तिस्मा घेणाऱ्याला घराचा उंबरठा, पाणवठा, पंगत आणि बहुतेकदा बायकामुलेही दुरावत. कंपनी सरकारच्या १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क राखला होता. पण तो कंपनीच्या मुलखापुरता. कोल्हापूर हे संस्थान, त्यामुळे येथे त्या संरक्षणाचा थेट उपयोग नव्हता. १८६६ चा धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदाही ब्रिटिश मुलखासाठीच होता, तरी त्यातली एक तरतूद त्या काळच्या घरांतली कोंडी नेमकी दाखवते. धर्मांतरामुळे जोडीदाराने नांदायला नकार दिला, तर न्यायालयाने प्रकरण वर्षभर थांबवायचे आणि त्यानंतरही नकार कायम राहिला तरच विवाह मोडायचा. हे एक वर्ष कायद्याने मन वळण्यासाठी ठेवले होते. प्रत्यक्षात घरांना त्याहून कितीतरी जास्त काळ लागे.

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली वर्षे दोघांनी कशी काढली, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात म्हटले आहे, की विश्वास न ठेवणारा जोडीदार नांदायला राजी असेल तर विश्वासणाऱ्याने त्याला सोडू नये, आणि तो सोडून गेला तर विश्वासणारा बांधलेला नाही. मराठी ख्रिस्ती समाजाने या ओळी प्रत्यक्ष जगून पाहिल्या. लक्ष्मीबाईंचा निर्णय त्यांच्या स्वतःच्या विचारांतून झाला, नवऱ्याच्या मागे फरफटत गेल्याने नव्हे, हे मला या सबंध इतिहासातले सर्वांत मोलाचे उदाहरण वाटते, आणि मंडळ्यांमधून त्याचा जेवढा उल्लेख व्हायला हवा तेवढा होत नाही.

पुढे चित्र बदलले. पन्हाळा तालुक्यातील कोडोली हे मिशनचे मोठे ठाणे झाले आणि आसपासच्या गावांतून, मुख्यत्वे अस्पृश्य मानलेल्या जातींतून, कुटुंबेच्या कुटुंबे मंडळीत आली. येथे एकट्याच्या निवडीपेक्षा घराची आणि भावकीची निवड पुढे आली. पुष्कळ ख्रिस्ती घरांच्या दर्शनी भिंतीवर आजही जे वचन असते, ते यहोशवाच्या पुस्तकातले: ‘मी आणि माझे घराणे परमेश्वराची सेवा करणार.’ चौकट जुनी असो वा नवी, निर्णय घराण्याने घ्यायचा आणि तो घरातल्या कर्त्याने बोलून दाखवायचा, ही समजूत त्या भिंतीवर तशीच टांगलेली आहे.

गावातल्या या कुटुंबांपुढचे प्रश्न रोजचे होते. महाराकडे वतन असे आणि वतनासोबत गावकीची कामे येत: सांगावे पोचवणे, पाटलाची कामे, मेलेली जनावरे ओढणे, जत्रेतल्या ठरावीक चाकऱ्या. वतनाची जमीन ठेवायची तर जत्रेतले काम टाळता येत नसे, आणि काम टाळले तर जमीन व बलुते दोन्ही धोक्यात येत. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये संस्थानातील महार वतने रद्द करण्याचा निर्णय केला, तेव्हा ख्रिस्ती झालेल्या घरांचाही हा पेच काहीसा सुटला. मुंबई राज्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द केली ती १९५८ चा कायदा करून, म्हणजे संस्थान विलीन होऊन गेल्यावर. मधल्या काळात ज्यांनी विश्वासासाठी जमिनीवर पाणी सोडले त्यांचे कौतुक मंडळ्यांत होते; ज्यांनी मुलांच्या पोटासाठी जमीन ठेवली आणि जत्रेत हलगी वाजवली त्यांच्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. दोघांचीही विवंचना एकच होती.

प्रसादाचा प्रश्न आजही जिवंत आहे. चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावरून परतलेला शेजारी गुलालाने माखलेल्या हातांनी खोबऱ्याचे तुकडे पुढे करतो, नवरात्रात अंबाबाईचा प्रसाद दारात येतो, आणि देणाऱ्याच्या मनात शेजारधर्मापलीकडे काही नसते. मूर्तींना वाहिलेल्या अन्नाविषयी पौलाने त्याच पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत जे सांगितले, ते नीट वाचले तर सरळसोट मनाईहुकूम नाही. मूर्ती काही नाही, म्हणून अन्नाने आपण देवाजवळ जात नाही की दूर होत नाही, असे तो एकीकडे म्हणतो, आणि दुसरीकडे ज्या भावाचा विवेक दुबळा आहे त्याला अडखळण होऊ नये म्हणून स्वतःचा हक्क सोडायला सांगतो. मिशनच्या काळात मंडळ्यांनी यातला दुसरा भाग नियम म्हणून उचलला. नव्याने आलेल्या माणसाला जुन्या पूजेकडे पाय वळवण्याचा मोह होता, त्यामुळे तेव्हा ते समजण्यासारखे होते. चौथ्या पिढीतल्या माणसाला तोच नियम लावणे हा मात्र पौलाच्या युक्तिवादाचा विपर्यास आहे, असे माझे मत आहे. काही घरे प्रसाद मानाने घेऊन बाजूला ठेवतात, काही खातात, काही हात जोडून नको म्हणतात. नाताळात करंज्या-चकल्यांचे ताट मात्र सगळ्यांकडून त्याच शेजाऱ्याकडे जाते.

रविवारचेही तसेच. प्रेस्बिटेरियन परंपरा प्रभूच्या दिवसाविषयी कडक, आणि कोल्हापुरात लक्ष्मीपुरीचा आठवडी बाजार भरतो तो रविवारीच. गुऱ्हाळ सुरू झाले की काहिलीखालचा जाळ उपासनेच्या घंटेसाठी थांबत नाही. मजुरी करणाऱ्याला रविवार पाळणे परवडत नसे, मिशनच्या पगारावर असलेल्याला ते सहज जमे. विश्वासूपणाची मोजपट्टी अशा रीतीने नकळत पगारदाराच्या सोयीची झाली.

या सगळ्यावर नजर ठेवणारी यंत्रणा प्रेस्बिटेरियन पद्धतीतच होती. मंडळीने निवडलेले वडील (एल्डर) आणि पाळक मिळून शिस्तीचे निर्णय घेत. चुकलेल्याला प्रभुभोजनापासून काही काळ दूर ठेवले जाई. वडीलमंडळ हा मुळात लोकांचा हक्क होता, बिशपाच्या किंवा राजाच्या मर्जीला पर्याय म्हणून युरोपात उभा राहिलेला. परंतु पाळकाचा पगार, शिक्षकाची नेमणूक आणि मुलांचे वसतिगृह ही सगळी मिशनरी साहेबांच्या बंगल्यावरून ठरत असल्यामुळे वडिलांचे मत पुष्कळदा साहेबांच्या मताला जुळते घेई. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला, त्यामागे हीच खंत होती. हे कोल्हापूरबाहेरचे असले, तरी कोल्हापूरच्या मंडळ्यांना ते परके नव्हते.

व्यवसायाच्या निवडीत मिशनने दिलेली शिदोरी सर्वांत टिकाऊ ठरली. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले, १८९४ मध्ये मिरजेचे इस्पितळ उघडले आणि १८९७ मध्ये तेथे वैद्यकीय शिक्षण सुरू झाले. कोल्हापुरात एस्तेर पॅटन आणि आयर्विन ख्रिश्चन ही हायस्कुले व मेरी वानलेस इस्पितळ ही नावे त्याच वंशातली. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातवार वसतिगृहांना आश्रय दिला, त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे वसतिगृहही होते. यातून मास्तर, नर्स, कंपाउंडर आणि पाळक ही चार कामे ‘सेवेची’ ठरली. शेतमजुराच्या मुलीला नर्सचा गणवेश मिळणे ही मोठी क्रांती होती, यात शंका नाही. ल्यूथर आणि कॅल्विन यांनी मात्र चांभाराचे आणि शेतकऱ्याचे कामही देवाच्या बोलावण्यातलेच मानले होते. ती शिकवण येथे मागे पडली. व्यापार, कंत्राटदारी किंवा फौंड्रीतले काम करणाऱ्याला आपण देवाच्या कामात आहोत असे मंडळीने क्वचितच जाणवू दिले.

वायल्डर घराण्यातूनच आयुष्याच्या निवडीविषयीचा एक जगभर गाजलेला प्रकार निघाला, हे कोल्हापुरातही फारसे कोणाला माहीत नसते. वायल्डर यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे धर्मोपदेशक मूडी यांनी भरवलेल्या विद्यार्थी शिबिरात त्याच्या प्रयत्नाने १०० विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनरी होण्याची तयारी लेखी दर्शवली. विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीचा तो आरंभ होता. त्याची बहीण ग्रेस हिचा या संकल्पामागे मोठा वाटा होता, आणि वडील १८८७ मध्ये वारल्यावर ती आईसह हिंदुस्थानात परतली. तरुणाने ऐन विशीत, कागदावर सही करून, स्वतःपुरता जन्माचा निर्णय घ्यायचा, हा त्या चळवळीचा गाभा. गंमत अशी, की अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला जे स्वातंत्र्य संकल्प म्हणून मिळाले, ते त्याच काळात कोडोलीच्या बोर्डिंगमधल्या मुलाला नव्हते. त्याचे पुढचे शिक्षण दुसरेच कोणी ठरवत होते.

लग्नाच्या बाबतीत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील, विश्वास न ठेवणाऱ्यांशी ‘विजोड’ न होण्याची आज्ञा मंडळ्यांनी एकमुखाने पाळायला सांगितली. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा आणि १८६९ चा घटस्फोट कायदा येथे सरसकट लागू झाले. त्या दुसऱ्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढेच सिद्ध करावे लागे, तर बायकोला व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्यागही दाखवावा लागे. ही विषमता दूर झाली आणि परस्परसंमतीची वाट उघडली ती २००१ च्या दुरुस्तीने. नांदत नसलेल्या ख्रिस्ती बाईला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ‘सहन कर’ असे सांगताना वचनाचा आधार घेतला गेला, पण पुष्कळदा त्यामागे कायद्याची अडचण होती. विजोड न होण्याचा अर्थ धर्मापुरता असतानाही स्थळ पाहताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते, ही गोष्ट तर पौलाच्या कोणत्याच पत्रात बसत नाही.

१९७० मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या एकत्रित मंडळीची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, सीएनआय) स्थापना झाली. मिशनरी साहेब जाऊ लागले आणि त्यांच्याबरोबर पगार, शाळाप्रवेश व शिफारसपत्र यांवरची मंडळीची पकडही गेली. पुण्या-मुंबईला किंवा आखातात गेलेल्या मुलांना पाळकाची परवानगी लागत नाही. नव्या प्रार्थनासभांतून ‘देव मला व्यक्तिशः काय सांगतो’ असे विचारायची सवय लागली आहे, आणि जुन्या मंडळीतल्या आजोबांना ते उद्धटपणाचे वाटते.

सर्वांत अवघड निवड दाखल्याची. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरले जाते, पण शिष्यवृत्ती, राखीव जागा आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण यांत मोठा फरक पडतो. त्यामुळे एकाच घरात एका भावाच्या दाखल्यावर ख्रिस्ती आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर जुनी हिंदू जात असे आढळते. खरे बोलण्याची आज्ञा आणि मुलाचे शिक्षण एकमेकांसमोर उभे राहतात, आणि ज्या राज्यव्यवस्थेने धर्म बदलल्यावर जातही गेली असे गृहीत धरले, तिला गावात ती गेलेली नाही हे दिसत नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढावी असे सुचवले. २०२२ मध्ये केंद्राने के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला. जून महिन्यात मुलाचे नाव शाळेत घालताना रकान्यात काय लिहायचे हे आईवडील घरातच ठरवतात, आणि मंडळीच्या सभेत तो विषय सहसा कार्यक्रमपत्रिकेवर येत नाही.