नॉचपासून पल्सपर्यंत: मोठ्या करंटची डीसी मोटर आणि तिचा वेग

रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटच्या आसपास भंगारात निघालेल्या बॅटरी फोर्कलिफ्टची मोटर मिळणं अवघड नाही. ४८ व्होल्ट, सिरीज वाइंडिंग (स्थिर आणि फिरती गुंडाळी एकामागोमाग जोडलेली), ब्रश बऱ्यापैकी शिल्लक, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) तपकिरी आणि गुळगुळीत. खरा प्रश्न तिचा वेग हवा तसा कमी-जास्त करण्याचा. बारा व्होल्टच्या छोट्या मोटरला चालणारं सर्किट नुसतं मोठं केलं की काम होईल असं वाटतं आणि पहिल्याच दिवशी मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) उडतात. ते का उडतात हे कळायला या तंत्राचा इतिहास माहीत असलेला बरा. ठाणेकरांच्या तर तो डोक्यावरूनच गेला आहे, ओव्हरहेड वायरमधून.

मूळ अडचण सुरुवातीपासून एकच आहे. डीसी मोटर फिरू लागली की स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते आणि त्यामुळे तिचा करंट आटोक्यात राहतो. थांबलेल्या मोटरमध्ये हा उलटा व्होल्टेज शून्य असतो. मोटरचा रेझिस्टन्स ०.०२ ओहम धरला, तर ४८ व्होल्ट थेट जोडल्यावर कागदावर २४०० अँपिअर निघतात. बॅटरी आणि केबल त्यातले बरेच अडवतात, पण उरलेले कम्युटेटरवर काळे डाग पाडायला आणि काँटॅक्टरचे (विजेने चालणाऱ्या मोठ्या स्विचचे) पॉइंट चिकटवायला पुरतात. त्यामुळे वेग-नियंत्रणाचा इतिहास खरं तर मोटर सुरक्षित सुरू करण्याच्या इतिहासातूनच निघाला.

३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची रेल्वेगाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. १९३० पर्यंत या तारा ठाणे-कल्याणवरून घाट चढून पुण्याला पोचल्या होत्या. त्या काळच्या गाड्यांत करंट आवरायचं साधन म्हणजे रेझिस्टन्स. गाडी सुटताना मोटरच्या सिरीजमध्ये लोखंडी ग्रिड लावायचे आणि वेग वाढेल तसे एकेक करून काढायचे. प्रत्येक टप्पा म्हणजे एक नॉच. जुन्या डीसी लोकलमध्ये सुटताना जे लागोपाठ हलके धक्के बसत, ते हेच.

यात वाया काय जात होतं ते मोजता येतं. करंट स्थिर ठेवून नुसत्या रेझिस्टन्सवर पूर्ण वेगापर्यंत आणलं, तर तोवर घेतलेल्या विजेतली निम्मी ग्रिड तापवण्यात जाते. म्हणून दोन मोटरी आधी सिरीजमध्ये आणि नंतर पॅरललमध्ये जोडायची पद्धत आली. सिरीजमध्ये प्रत्येक मोटरला आपोआप निम्मा व्होल्टेज मिळतो, आणि नुकसान निम्म्यावरून एक तृतीयांशावर येतं. एकही नवा भाग न शोधता, नुसती जोडणी बदलून झालेली ही बचत आहे. सगळ्या इतिहासात एवढी स्वस्त सुधारणा दुसरी नाही.

फ्रँक स्प्रेग यांनी १८९७ मध्ये शिकागोत मल्टिपल-युनिट पद्धत बसवली, तिचं महत्त्व वेगळं. मोटरमनच्या हँडलमधून मोटरचा करंट जातच नाही. हँडल फक्त इशारा देतं आणि प्रत्येक मोटर कोचमधले काँटॅक्टर आपापलं काम करतात. आजच्या कंट्रोलरच्या पेडलमधून काही मिलिअँपिअरच जातात, ते याच विचारातून.

कारखान्यांत वेगळा मार्ग निघाला होता. हॅरी वॉर्ड लिओनार्ड यांची १८९१ ची योजना अशी: एसी मोटरने एक डीसी जनरेटर फिरवायचा आणि त्या जनरेटरवर कामाची मोटर चालवायची. जनरेटरच्या फील्डमधला (चुंबकत्व देणाऱ्या गुंडाळीतला) थोडासा करंट कमी-जास्त केला की पलीकडे शेकडो अँपिअरची मोटर शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत धक्का न बसता जाते, उलटीही फिरते, ब्रेक लावताना वीज परत करते. लिफ्ट, रोलिंग मिल आणि खाणीतले वाइंडर यांनी ही पद्धत अनेक दशकं वापरली. किंमत मात्र तीन यंत्रांची. प्रत्येकाची कार्यक्षमता ९० टक्के धरली तरी शेवटी ७३ टक्केच हाती लागतात, आणि देखभालीला कम्युटेटर दोन.

बॅटरीवरच्या गाड्यांना हे परवडणारं नव्हतं. तिथे रेझिस्टन्स तरी, नाहीतर बॅटरीचे टप्पे: काँटॅक्टरने २४ व्होल्ट, मग ४८. टप्प्यांच्या पद्धतीत काही सेल जास्त वापरले जातात, त्यांची चार्जिंगची पातळी बाकीच्यांशी जुळेनाशी होते आणि अख्खी बॅटरी लवकर मरते. भंगारातल्या मोटरवर घरगुती गाडी बनवणारे अजूनही हाच उपाय शोधून काढतात. तो टाळावा.

१९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये थायरिस्टर (इशारा मिळताच करंट सुरू करणारा सेमीकंडक्टर स्विच) तयार झाला आणि चित्र पालटलं. एसीवर चालणाऱ्या ड्राइव्हना तो लगेच मानवला, कारण एसीचा करंट दर अर्ध्या चक्राला स्वतःच शून्यावर येतो आणि थायरिस्टर आपोआप बंद होतो. ४१५ व्होल्ट थ्री-फेजवर सहा थायरिस्टरचा ब्रिज जास्तीत जास्त ५६० व्होल्ट डीसी देतो. त्यातली थोडी शिल्लक हाताशी ठेवली की आर्मेचर (फिरती गुंडाळी) ४४० आणि फील्ड २२० व्होल्ट, ही आपल्याकडच्या जुन्या डीसी मोटरच्या पाटीवर दिसणारी जोडी जुळते. अशा मोटरचं फील्ड तुटलं तर ती बेफाम पळते, म्हणून फील्ड-फेल्युअर रिले लागतो. जुना पॅनेल वापरात आणताना तो रिले कोणी शॉर्ट करून ठेवला नाही ना, हे आधी बघावं.

बॅटरीवर मात्र थायरिस्टर अडला. डीसी शून्यावर येत नाही, म्हणजे एकदा चालू झालेला थायरिस्टर बंदच होत नाही. मग दुसरा थायरिस्टर, एक कॉइल आणि एक भक्कम कपॅसिटर लावून त्याला क्षणभर उलटा व्होल्टेज द्यायचा. हे जमलं तेव्हा खरा चॉपर जन्माला आला: व्होल्टेज जाळून कमी करण्याऐवजी सेकंदाला काहीशे वेळा तोडायचा. जनरल इलेक्ट्रिकचे ईव्ही-१ कंट्रोलर असलेल्या फोर्कलिफ्ट गुणगुणत, ती याच तोडजोडीची गुणगुण. कपॅसिटर म्हातारा झाला की थायरिस्टर बंद व्हायचा चुकायचा आणि मोटर पूर्ण वेगाने सुटायची. रेझिस्टन्सचा ग्रिड जळून तुटला तर गाडी ओढणं सोडते; सेमीकंडक्टर बिघडला तर तो बहुधा शॉर्ट होतो आणि गाडी पळते. हा फरक तेव्हा आला आणि तो आजही गेलेला नाही.

सत्तरच्या दशकाअखेर पॉवर मॉस्फेट बाजारात आले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जनरल इलेक्ट्रिकमध्येच बी. जयंत बालिगा यांनी आयजीबीटी हा जास्त व्होल्टेजला चालणारा स्विच पुढे आणला. गेट नावाच्या टोकाला सांगितलं की चालू, सांगितलं की बंद. उलट्या व्होल्टेजची सर्कस संपली. साधारण शंभर व्होल्टच्या खाली मॉस्फेट आणि रेल्वेच्या व्होल्टेजला आयजीबीटी अशी वाटणी झाली. २००७ मध्ये मुंबईत आलेल्या सीमेन्स लोकल १५०० व्होल्ट डीसी आणि २५ हजार व्होल्ट एसी दोन्हींवर चालत आणि त्यांच्या मोटरी थ्री-फेज होत्या. एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवरचा डीसी पुरवठाही बंद झाला. फोर्कलिफ्टही तशाच एसी मोटरींकडे वळल्या, आणि ब्रशवाल्या सिरीज मोटरी भंगारात स्वस्त झाल्या.

म्हणजे ४८ व्होल्ट, २०० अँपिअरचा कंट्रोलर बनवणारा आज या साखळीच्या शेवटच्या कडीवर उभा असतो. उष्णता ग्रिडमधून निघाली खरी, पण नाहीशी झाली नाही. ती आता चार ठिकाणी लपते.

पहिलं ठिकाण मॉस्फेट. आयआरएफबी ४११० हा १०० व्होल्टचा मॉस्फेट चालू असताना जास्तीत जास्त ४.५ मिलिओहम दाखवतो, गरम झाल्यावर सुमारे ७. डेटाशीटवर १८० अँपिअर छापलेले असले तरी ते केस २५ अंशांवर ठेवल्यावरचे आणि त्याचे पाय तेवढं वाहूच शकत नाहीत. टीओ-२२० पॅकेजला ४० ते ५० अँपिअर ही व्यवहारातली मर्यादा. चार पॅरलल लावले तर प्रत्येकी ५० अँपिअरला साडेसतरा वॉट, म्हणजे सगळे मिळून ७०. सहा लावावेत, दोन मॉस्फेटची किंमत हीटसिंकच्या तुलनेत काहीच नाही.

दुसरं ठिकाण चालू-बंद होण्याचा क्षण. चार गेट मिळून सुमारे ६०० नॅनोकूलंब चार्ज मागतात. मायक्रोकंट्रोलरची पिन २० मिलिअँपिअर देते, म्हणजे गेट भरायला ३० मायक्रोसेकंद. व्होल्टेज सेकंदाला १६ हजार वेळा, म्हणजे १६ किलोहर्ट्झला तोडायचा तर पूर्ण चक्रच ६२ मायक्रोसेकंदांचं असतं. ५५५ या टायमर चिपची आउटपुट २०० मिलिअँपिअर देते, त्यात प्रत्येक बदल साधारण १ मायक्रोसेकंद घेतो आणि २०० अँपिअरला दीडशे वॉट नुसते या उड्यांत जातात. ६ ते ९ अँपिअरचा गेट ड्रायव्हर लावून तोच बदल ०.२ मायक्रोसेकंदावर आणला की तीस. प्रत्येक गेटला स्वतःचा ४.७ ते १० ओहमचा रेझिस्टन्स हवा, एकच सामायिक चालत नाही, मॉस्फेट आपसांत थरथरतात. ड्रायव्हरचे १२ व्होल्ट बॅटरीवरून थेट ७८१२ ने काढू नयेत; त्याची इनपुट मर्यादा ३५ व्होल्ट आहे. आणि गेटचा पुरवठा ९-१० व्होल्टच्या खाली गेला की सगळं बंद करणारं अंडरव्होल्टेज सर्किट ठेवावं, नाहीतर बॅटरी दमल्यावर मॉस्फेट अर्धवट चालू राहतात आणि जातात.

तिसरं ठिकाण फ्रीव्हीलिंग डायोड, आणि इथे सर्वांत जास्त लोक फसतात. मॉस्फेट बंद झाला तरी मोटरचा करंट थांबत नाही, तो डायोडमधून फिरत राहतो. २० टक्के ड्यूटीवर (चक्रातला तेवढाच वेळ मॉस्फेट चालू) मोटरमध्ये २०० अँपिअर असतील तर बॅटरीकडून फक्त ४० येतात आणि डायोडवर सरासरी १६० पडतात. डायोडचा ०.८ व्होल्टचा ड्रॉप धरला तर १२८ वॉट. गाडी हळू आणि ओझं जास्त, तेव्हा डायोड सर्वांत जास्त तापतो. बॅटरीच्या केबलवर लावलेला अँमीटर त्या वेळी निर्धास्त ४० दाखवत असतो. करंट-लिमिटसाठी करंट मोजणारा शंट किंवा हॉल सेन्सर म्हणून मोटरच्या वायरवरच लावायचा. डायोडच्या जागी दुसरी मॉस्फेटची ओळ लावली तर ही उष्णता बरीच उतरते, मात्र वरची-खालची ओळ एकाच क्षणी चालू होणार नाही एवढं अंतर राखावं लागतं.

चौथं ठिकाण कपॅसिटर. बॅटरीची एक मीटर केबल म्हणजे साधारण १ मायक्रोहेन्री. त्यातले २०० अँपिअर ०.२ मायक्रोसेकंदात तोडायला गेलं तर हिशेबाने १००० व्होल्टचा झटका येतो. १०० व्होल्टचा मॉस्फेट त्याच्याआधीच गेलेला असतो. हा करंट जवळून पुरवायला कपॅसिटर मॉस्फेटच्या पायांपासून दोन-तीन सेंटिमीटरवर हवेत. ५० टक्के ड्यूटीला त्यांतून जवळपास १०० अँपिअर रिपल (वर-खाली होणारा करंट) जातो. म्हणून १०,००० मायक्रोफॅरडचा एक डबा लावण्यापेक्षा कमी ईएसआरचे (आतला रेझिस्टन्स कमी असलेले) तीस-चाळीस छोटे कपॅसिटर दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये बसवतात. व्होल्टेज १०० घ्यावा; लेड-ॲसिडची ४८ ची बॅटरी चार्ज होताना ५८ पर्यंत जाते आणि ६३ चे कपॅसिटर काठावर येतात. रिकामे कपॅसिटर थेट काँटॅक्टरने जोडले तर पॉइंट चिकटतात, तेव्हा आधी १०० ओहम, १० वॉटच्या रेझिस्टन्समधून पाच-सहा सेकंद भरून घ्यायचे.

फ्रिक्वेन्सी कमी ठेवून उड्यांतला तोटा वाचवायचा मोह होतो. मोटरची इंडक्टन्स १०० मायक्रोहेन्री असेल तर १६ किलोहर्ट्झला करंट साडेसात अँपिअरने वर-खाली होतो, १ किलोहर्ट्झला १२० ने. ब्रश आणि आर्मेचर दोन्ही त्यात तापतात.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात हवामानाचा हिशेब वेगळा धरावा लागतो. शेडखाली मे महिन्यात ४० अंश सहज होतात. २०० वॉट काढायचे आणि हीटसिंक ८० च्या वर जाऊ द्यायचा नाही म्हटलं तर ०.२ अंश प्रति वॉटचा, पंख्यासह. खाडीच्या दमट हवेत केबलच्या टोकांचे उघडे लग पावसाळ्यानंतर हिरवे पडतात. ५० चौरस मिलिमीटर केबलला टिनवाले लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून वर श्रिंक स्लीव्ह घालावी, बोर्डवर लॅकर मारावा. मॉस्फेटची पाठ म्हणजे ड्रेन (करंट वाहणारं एक टोक), ती जिवंत असते. हीटसिंक चॅसीला लागणार असेल तर मधे इन्सुलेटिंग पॅड हवाच.

पहिली चाचणी मोटरवर करू नये. १२ व्होल्टचे चार हेडलाइट बल्ब सिरीजमध्ये लावून पल्स बघावेत, मग १२ व्होल्टच्या बॅटरीवर मोटर. सिरीज मोटर ४८ व्होल्टवर बिनओझ्याची कधीच सोडायची नाही, वेग वाढतच जातो आणि आर्मेचरचं वाइंडिंग बाहेर फेकलं जातं. बॅटरीच्या टोकाशी डीसी रेटिंगचा फ्यूज लावावा. घरातली एसीची एमसीबी तिथे उपयोगाची नाही, डीसीचा आर्क तिच्यात विझत नाही. मॉस्फेट शॉर्ट झाला तर मोटर तोडणारा काँटॅक्टर आणि हाताशी येणारं लाल बटण वेगळं असावं, त्याची वायर कंट्रोलरच्या बोर्डवरून जाऊ देऊ नये.

पेडलच्या पोटेन्शिओमीटरची जमिनीकडची वायर तुटली तर इनपुट वर ओढला जातो आणि साधं सर्किट ते पूर्ण वेग समजतं. तयार कंट्रोलरमध्ये म्हणून दोन अटी असतात. पेडलचा व्होल्टेज ठरलेल्या पट्ट्याच्या बाहेर गेला की आउटपुट शून्य, आणि किल्ली फिरवताना पेडल दाबलेलं असेल तर ते पूर्ण सोडेपर्यंत मोटर चालू नाही. दोन कंपॅरेटर (व्होल्टेज ताडून बघणारे) आणि एका लॅचमध्ये (स्थिती धरून ठेवणाऱ्या सर्किटमध्ये) दोन्ही होतं, आणि ते मॉस्फेट बसवण्याआधी बोर्डवर आलेलं असावं.