खेळाडू कुणाचा? व्यावसायिक बेसबॉलच्या सुरुवातीची गोष्ट

बेसबॉलमध्ये उघडपणे पगार देऊन पहिला संघ बांधणारा हॅरी राइट मूळचा क्रिकेटवाला. जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डचा, वडील न्यूयॉर्कच्या क्रिकेट क्लबचे पगारी खेळाडू. क्रिकेटमध्ये पैसे घेऊन खेळण्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. बेसबॉलच्या क्लबांनी मात्र हौशीपणाचे सोवळे पाळले होते. म्हणजे पैसे मिळायचे, पण गुपचूप.

१८६९ साली हे सोवळे सुटले आणि राइटने सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्जचे सगळे खेळाडू पगारावर घेतले. धाकट्या जॉर्जला हंगामाचे १,४०० डॉलर, स्वतःला १,२०० (भाऊ जास्त चांगला खेळायचा, हे त्याने मान्यच केले होते म्हणायचे). त्या वर्षी संघ एकदाही हरला नाही. जून १८७० मध्ये ब्रुकलिनच्या अटलांटिक्सने अकराव्या इनिंगमध्ये ८-७ असे हरवले, तेव्हा कुठे ही घोडदौड थांबली. मग गर्दी ओसरली, खर्च परवडेना, पगारी संघ मोडला. राइट बोस्टनला गेला आणि ‘रेड स्टॉकिंग्ज’ हे नावही सोबत घेऊन गेला.

१८७१ मध्ये व्यावसायिक खेळाडूंची राष्ट्रीय संघटना निघाली. प्रवेश फी अवघी १० डॉलर, त्यामुळे कोणीही यावे, हंगाम अर्धवट टाकून जावे. सट्टा होताच. शिवाय बोस्टनने सलग चार विजेतेपदे नेली. १८७५ मध्ये ७१ सामने जिंकले, ८ हरले. अशी स्पर्धा कोण बघणार?

शिकागो क्लबच्या विल्यम हल्बर्टने त्याच हंगामात बोस्टनचे चार मोहरे गुपचूप फोडले. त्यात पुढे क्रीडासाहित्याच्या धंद्यात नाव काढलेला अल स्पॉल्डिंगही होता. संघटना आपल्याला बाहेर काढेल या धास्तीने हल्बर्टने २ फेब्रुवारी १८७६ रोजी आठ क्लबांची नॅशनल लीगच उभी केली. संघटना खेळाडूंची होती, लीग मात्र क्लबांची. दौरा टाळला म्हणून न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या संघांना पहिल्याच वर्षाअखेर हाकलले. इतक्या मोठ्या शहरांचे गल्ले सोडायला धमक लागते.

१८७९ मध्ये मालकांनी आपसात ठरवले, की प्रत्येक क्लबचे पाच खेळाडू ‘राखीव’; त्यांना दुसऱ्या कुणी घ्यायचे नाही. खेळाडू फोडून लीग काढणाऱ्यांनीच ही पळवापळवी बंद केली! पाचांचा आकडा वाढत गेला, पगार दबले. वकिलीची पदवी घेतलेला खेळाडू जॉन मॉन्टगोमेरी वॉर्ड याने १८९० मध्ये खेळाडूंची स्वतंत्र लीग काढली, पण पैसेवाले भागीदार एका हंगामातच फुटले. राखीव अट टिकली ती थेट डिसेंबर १९७५ पर्यंत.