अक्कलदाढ, पू आणि पाच दिवसांच्या गोळ्या

अक्कलदाढ काढल्यावर दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी रात्री अचानक ठणका सुरू होतो. कानापर्यंत कळा येतात, तोंडाला वास मारतो. मोबाइलचा टॉर्च लावून आरशात पाहावं, तर रक्ताची गुठळी असायला हवी तिथे रिकामा खड्डा आणि तळाशी पांढुरकं हाड. ‘इन्फेक्शन झालं’ म्हणून घरात धावपळ होते. कुणीतरी मागच्या आजारपणातली उरलेली अँटिबायोटिकची पट्टी शोधून आणतं.

बहुतेक वेळा हे इन्फेक्शन नसतंच. ताप नाही, पू नाही, गालावर नवी सूज नाही. खड्डा झाकणारी गुठळी वेळेआधी विरघळते आणि हाड उघडं पडतं, एवढंच. क्रॉफर्ड या दातांच्या डॉक्टरांनी १८९६ मध्ये याला ‘ड्राय सॉकेट’ म्हटलं आणि तेच नाव आजही चालतं. साधा दात काढल्यावर शंभरात एक ते पाच जणांना हा त्रास होतो. खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत मात्र काही पाहण्यांमध्ये हा आकडा तीसपर्यंत जातो, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना धोका अधिक. इलाज म्हणजे खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी भरणं. त्या औषधात बहुधा युजेनॉल असतं, म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेखाली धरायला सांगणारी आजी फार चुकत नव्हती.

मग खऱ्या जंतुसंसर्गाची एवढी धास्ती आली कुठून? ती शस्त्रक्रियेपेक्षा खूप जुनी आहे. दाढ काढायची सोय नव्हती, तेव्हापासूनची.

सुश्रुतसंहितेत ‘अधिमांसक’ नावाचा विकार आहे: जबड्याच्या शेवटच्या दाताशी मोठी सूज, भयंकर वेदना, लाळ गळणं. अर्धवट उगवलेल्या दाढेवर हिरडीची टोपी राहते, तिच्याखाली अन्न अडकतं आणि ती सुजते. ज्याने हे भोगलंय त्याला हे वर्णन लगेच ओळखू येईल. उपायही तिथेच आहे: वाढलेलं मांस कापायचं आणि वेखंड वगैरेंचं चूर्ण मधातून लावायचं. मात्र वरचा घट्ट दात मुळासकट उपटला तर अतिरक्तस्राव होऊन भयंकर रोग जडतात, असा इशाराही तोच ग्रंथ देतो.

दाढेतला पू खाली उतरला की काय होतं, ते जर्मनीतल्या श्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म फ्रीडरिश फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये लिहून ठेवलं. हनुवटीखाली लाकडासारखी टणक सूज येते, जीभ वर ढकलली जाते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास कोंडतो. या रोगाला पुढे ‘लुडविग्ज अंजायना’ नाव पडलं. ‘अंजायना’ या शब्दाच्या मुळाशी गळा आवळण्याचाच अर्थ आहे. कारण जबड्याच्या रचनेत आहे. जिभेखाली पडद्यासारखा एक स्नायू असतो आणि खालच्या मागच्या दाढांची मुळं बहुधा त्या पडद्याच्याही खाली उतरलेली असतात. त्यामुळे तिथला पू तोंडात न फुटता सरळ मानेकडे निघतो. अँटिबायोटिकच्या आधी या रोगात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत.

शस्त्रक्रिया शक्य झाली ती भूल आल्यावर. आणि भूल आणली दातांच्या डॉक्टरांनीच: हार्टफर्डमध्ये होरेस वेल्स (१८४४), बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन (१८४६). पुढे जबड्याची नस बधिर करण्याची युक्ती सापडली, एक्स-रे आला. १९२६ मध्ये जॉर्ज विंटर यांनी अडकलेल्या खालच्या अक्कलदाढेवर आख्खं पुस्तक लिहिलं. दाढ पुढे कलली आहे, आडवी आहे की उभी, ही त्यांचीच वर्गवारी आजही वापरात आहे. पण तोंड काही ऑपरेशन थिएटर नव्हे. तिथे शेकडो जातींचे जंतू कायमच मुक्कामाला असतात. ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांची निर्जंतुक शस्त्रक्रियेची शिस्त हात आणि हत्यारांना लागू पडली, लाळेला कशी पडणार?

ती उणीव पेनिसिलिनने भरून काढली. भारतात ते बनवायला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९५४ मध्ये. पुण्याकडे तिला अजून नुसतं ‘एच. ए.’ म्हणतात.

दुसऱ्या गोळीची गोष्ट जास्त मजेदार आहे. मेट्रोनिडाझोल हे मुळात योनिमार्गातल्या एका परजीवीवरचं औषध. ते घेणाऱ्या एका बाईच्या हिरड्यांचे व्रणही बरे झाले. शिन या दातांच्या डॉक्टरांनी १९६२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे कळवलं आणि प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जंतूंवर हे औषध चालतं, हे पुढे ध्यानात आलं. दाढेच्या खोल खड्ड्यात नेमके असेच जंतू वाढतात. आपल्याकडच्या चिठ्ठीवर पेनिसिलिनच्याच घराण्यातल्या अमॉक्सिसिलिनच्या जोडीने लिहिलेली, तोंडाला धातूसारखी चव आणणारी गोळी ती हीच.

गोळ्या हाताशी आल्या आणि हात सैल सुटला. न दुखणाऱ्या अक्कलदाढाही ‘पुढे त्रास नको’ म्हणून निघू लागल्या. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने मार्च २००० मध्ये ते थांबवायला सांगितलं: निरोगी दाढ काढण्याचा फायदा सिद्ध नाही, धोके मात्र आहेत. गोळ्यांचाही हिशेब झाला. जगभरचं वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात एकाचं इन्फेक्शन टाळायला सुमारे १२ जणांना अँटिबायोटिक द्यावं लागतं असं निघालं, २०२१ च्या सुधारित आढाव्यात सुमारे १९ जणांना. निरोगी माणसाला ते सरसकट द्यावं का, याबद्दल आढावाकारच साशंक आहेत. मधुमेह ताब्यात नसेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर गणित बदलतं. मला स्वतःला अठरा जणांच्या पोटात विनाकारण गोळ्या घालणं महाग वाटतं. पण एकोणिसाव्या खुर्चीत आपलाच मुलगा बसलेला असेल तर हाच हिशेब कसा वाटेल, हे सांगवत नाही.

खरा संसर्ग कधीकधी तीन-चार आठवड्यांनीही डोकावतो. टाके विरघळलेले असतात, जेवण पूर्ववत झालेलं असतं, आणि एके दिवशी गाल पुन्हा फुगतो. हिरडीखाली राहिलेला अन्नाचा कण किंवा हाडाचा कपरा त्याला पुरतो. दवाखान्यातून निघताना ‘हनुवटीखाली सूज आली, गिळता येईना, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, तर रात्र असली तरी या’ असं बजावतात. ही यादी लुडविग यांच्या १८३६ च्या वर्णनाशी जवळजवळ शब्दशः जुळते.