योनीतले जंतू म्हणजे अस्वच्छता नव्हे

पावसाळ्यात फोंडा, म्हापशाच्या महिला-ग्रुपांवर दरवर्षी फिरणारा संदेश असा: ‘योनीत जंतू सापडले तर तो संसर्गच, रोज आतून अँटिसेप्टिकने धुवा.’ दमट हवेत खाज सुटते, म्हणून तो पटकन पटतो. आणि हा विषय घरात बोलायचीही चोरी!

जंतू मात्र निरोगी योनीतही असतातच. बहुतेकींत दह्यातल्या जंतूंच्या कुळातले लॅक्टोबॅसिलस असतात; ते लॅक्टिक आम्ल तयार करून पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितके आम्ल जास्त) साधारण 3.8 ते 4.5 ठेवतात, त्यामुळे इतर जंतूंना वाढणे कठीण जाते. आतून धुतले की हीच राखण मोडते.

16एस हे जीवाणूंची ओळख पटवणारे जनुक वाचून योनीच्या स्रावात कोणकोणते जीवाणू आहेत ते ओळखता येते. अशा अभ्यासांत काही निरोगी स्त्रियांतही लॅक्टोबॅसिलस कमी आढळले. गार्डनेरेला हा संसर्गाशी जोडला जाणारा जीवाणू तर कुठलाही त्रास नसलेल्या स्त्रियांतही सापडतो. म्हणून रिपोर्टात नुसते नाव आले, एवढ्यावरून संसर्ग ठरत नाही. शिवाय 16एस तपासणीत जीवाणूच ओळखले जातात. खाजेमागची बुरशी त्यात दिसतच नाही.

पडताळायचे तर डॉक्टरांना विचारा: पीएच 4.5 च्या वर आहे का? स्राव पातळ, करडा आहे का? माशासारखा वास येतो का? सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंनी माखलेल्या पेशी दिसतात का? चारपैकी तीन जुळल्या तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडल्याचा आजार, धरतात. त्यावर गोळ्या किंवा जेल आहे. गरोदर बाईने मात्र त्रास अंगावर काढू नये, कारण या आजाराचा अकाली प्रसूतीशी संबंध आढळला आहे.